मात्रा : चढलेली आणि उतरवलेली



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, ते आपले सर रसायनशास्त्र शिकवीत. एखाद्या पदार्थाचे सूत्र फळ्यावर मांडण्यापूर्वी तो कोणाला, कोठे आणि दुसरेच काही शोधत असताना सापडला, हे सांगितल्यावाचून त्यांचा खडू फळ्याला लागत नसे. अभ्यासक्रम त्यामुळे मागे पडे. पण पदार्थालाही चरित्र असते, ही गोष्ट आम्हांला त्या वर्गात कळली. आज मी अशाच काही पदार्थांचे चरित्र सांगणार आहे. स्किझोफ्रेनिया आणि तत्सम मनोविकृतींवर जी औषधे वर्षानुवर्षे घेतली जातात, त्यांची मात्रा पुढे कधी, कशी आणि किती कमी करावी, या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

मराठीच्या निवृत्त अध्यापकाने हा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटेल. मी वैद्य नव्हे, आणि येथे कोणाला औषधोपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही. माझे आयुष्य आर्यांच्या मात्रा मोजण्यात गेले. परंतु मात्रा हा शब्द जसा छंदशास्त्राचा, तसाच वैद्यकाचाही. सहाणेवर उगाळून चाटवतात तीही मात्रा. एखाद्यापुढे कोणाची ‘मात्रा चालत नाही’, एखादी ‘बरोबर लागू पडते’. गंमत अशी की, या शब्दासाठी आपल्याकडे चढवण्याचे आणि लागू पडण्याचे वाक्प्रचार आहेत. उतरवण्याचा मात्र एकही नाही. आपल्या भाषेत ताप उतरतो, विष उतरते, दुखण्याला उतार पडतो; मात्रा कोणी उतरवीत नाही. हा केवळ भाषेचा योगायोग असता तर मी त्यावर एक टिपण लिहून थांबलो असतो. या औषधांच्या सत्तर वर्षांच्या इतिहासाचेही स्वरूप नेमके असेच आहे. मात्रा चढवण्याचे शास्त्र पहिल्या वर्षापासून लिहिले जाऊ लागले. उतरवण्याचे शास्त्र लिहावयास घेतले ते जवळजवळ काल-परवा. या दिरंगाईची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यातला एक जण माझ्या घरचा आहे. त्याच्याविषयी पुढे बोलेन.

प्रथम औषधांपूर्वीची स्थिती थोडक्यात पाहू. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५९,००० माणसे होती, आणि त्यांतील अनेकांचा मुक्काम मरेपर्यंतचा होता. आपल्याकडे चित्र उलटे होते. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा या देशात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट निघाली. इंग्लंडात ती सुमारे ३०० लोकांमागे एक होती. म्हणजे आपला रोगी रुग्णालयात नव्हता, तो घरात होता. माजघरात, माळ्यावरच्या खोलीत, क्वचित साखळीने बांधलेला. पुण्यात ‘येरवडा’ आणि आपल्या गावात ‘कारेलीबाग’ हे शब्द शिवीसारखे वापरले जात, पण प्रत्यक्ष तेथे पोहोचणारे थोडेच. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रोग्यांबरोबर त्यांचे नातेवाईकही ठेवून घेतले, ही घटना मला म्हणूनच फार मोठी वाटते. आपल्याकडे रोग्याचे पथ्यपाणी आणि गोळी देणे हे घरच्यांच्या हाती होते आणि आजही आहे. हे ध्यानात ठेवावे. मात्रा कमी होण्याची गोष्ट आपल्या देशात बहुधा स्वयंपाकघरातच घडते.

आता चरित्रनायकांकडे वळू. यांतला पहिला नायक आपल्या मातीतला आहे. सर्पगंधेचे मूळ आपले वैद्य आणि वैदू उन्मादावर आणि निद्रानाशावर देत असत. उत्तरेकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच नाव होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी आधुनिक पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग एका ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पीन वेगळे केले. आणि १९५३ साली अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी देशी औषधांनी मनोविकारांवर केलेल्या उपचारांचा आपला निबंध वाचला तो कोठे, तर याच वडोदऱ्यात, गुजरात-सौराष्ट्र प्रांतिक वैद्यकीय परिषदेत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयात नेथन क्लाइन यांनी रेसर्पीनचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या गावच्या इतिहासात परिषदांच्या याद्या पुष्कळ आहेत. त्यांत ही परिषद कोणी मांडलेली माझ्या पाहण्यात नाही.

रेसर्पीन मनोविकारावर फार काळ टिकले नाही. ते काहींना खिन्नतेच्या गर्तेत लोटते असे बोलले गेले, आणि दरम्यान प्रतिस्पर्धी आला होता. परंतु जाता जाता त्याने एक मोठे काम केले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले तेव्हा ते जागच्या जागी थिजले. मग त्यांना एल-डोपा दिल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे महत्त्व त्यातून उजेडात आले, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे डोपामिन आपल्याला पुढे लागणार आहे.

प्रतिस्पर्ध्याचे नाव क्लोरप्रोमाझीन. डिसेंबर १९५० मध्ये पॉल शार्पांत्ये यांनी ते फ्रान्समधील रोन-पुलँक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केले. आरी लाबोरी हे नौदलाचे शल्यवैद्य. शस्त्रक्रियेच्या आघातातून रोग्याला वाचवण्यासाठी ते अशा द्रव्याच्या शोधात होते. रोगी जागा असतो पण त्याला कशाचे काही वाटत नाही, हे त्यांनी हेरले. १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिके यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. आरडाओरडा करणारी दालने शांत झाली. या दोघांची सुरुवातीची मात्रा दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास होती, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. औषध अटलांटिक ओलांडून गेले आणि काही वर्षांतच दिवसाला हजार मिलिग्रॅम आणि त्याहूनही अधिक देणे हे काही ठिकाणी नित्याचे झाले. आपल्याकडे ते ‘लार्गॅक्टिल’ या नावाने आले. १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. त्याच्याही वाट्याला हेच आले. रोगी शांत झाला नाही की मात्रा वाढवा. शांत झाला तर तीच चालू ठेवा.

या चढत्या काळात एक जर्मन डॉक्टर वेगळे काही सांगत होते. हान्स-योआखिम हासे हे त्यांचे नाव, आणि मी भाषेचा माणूस असल्यामुळे त्यांच्यापाशी जरा थांबणार आहे. हासे रोग्याला एक मजकूर लिहावयास सांगत. औषधाची मात्रा हळूहळू वाढवत असताना एका टप्प्यावर अक्षर किंचित आखडते, बारीक होते. हासे यांचे म्हणणे असे की, हाच उंबरठा. औषध जो गुण देणार तो येथे देते. याच्या पलीकडे मात्रा नेली तर हातपाय ताठरतील, चेहरा मुखवट्यासारखा होईल, गुण मात्र वाढणार नाही. कागद, पेन्सिल आणि पाहणारे डोळे एवढ्याच साधनांवर ही परीक्षा उभी होती. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९९१ साली अमेरिकेत मॅकइव्हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्याची ही कल्पना शंभराहून अधिक रोग्यांवर तपासली, तेव्हा हॅलोपेरिडॉलची उंबरठ्यावरची मात्रा सरासरी ३.७ मिलिग्रॅम निघाली, आणि त्याहून अधिक देऊन मनोविकृतीत अधिक सुधारणा दिसली नाही. त्याआधीची दोन दशके कित्येकांना याच्या पाच-दहा पट मात्रा मिळत होती.

चढत्या मात्रेचे पारडे भरले ते दुष्परिणामांनी. १९५७ साली शोनेकर या जर्मन डॉक्टरांनी काही रोग्यांच्या ओठांच्या आणि जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचालींची नोंद केली. १९६४ साली डेन्मार्कमध्ये त्याला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ हे नाव मिळाले. उशिरा उद्भवणारी विचलने, असे आपण म्हणू. औषध थांबवले तरी ती जातीलच असे नाही. पुढच्या पिढीतल्या औषधांनी हा त्रास कमी केला, पण वजन, मधुमेह, रक्तातील मेद हे नवे देणे मागे लावले. तेव्हा मात्रा कमी करावी हा विचार कोणा औषधद्वेष्ट्याच्या डोक्यातून निघालेला नाही. तो रोग्यांच्या शरीरातूनच पुढे आला.

आणि तो विचार प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्नही लवकरच झाला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९६४ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून केफी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही रोग्यांना औषध पूर्ववत दिले, काहींना आठवड्यातून तीनच दिवस, आणि काहींना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी. चार महिन्यांत पहिल्या गटात सुमारे ५ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के आणि तिसऱ्यात ४५ टक्के जणांचे दुखणे उलटले. १९८३ मध्ये जॉन केन यांनी इंजेक्शनाने देण्याच्या फ्लुफेनाझीनची मात्रा एका गटात नेहमीच्या एकदशांशावर आणली. वर्षभरात त्या गटातल्या ५६ टक्के जणांचे दुखणे उलटले, नेहमीच्या मात्रेवर केवळ ७ टक्क्यांचे. मात्र त्या विचलनांची प्रारंभीची चिन्हे कमी मात्रेच्या गटात कमी होती. १९८७ मध्ये मार्डर यांनी एकपंचमांश मात्रेचा प्रयोग मांडला: पहिल्या वर्षी दोन्ही गट सारखे राहिले, दुसऱ्या वर्षी कमी मात्रेचा गट मागे पडला. १९९५ साली गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी अशा ६६ अभ्यासांची, ४,३६५ रोग्यांची बेरीज केली. औषध काढून घेतलेल्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण ५३ टक्के, चालू ठेवलेल्यांत १६ टक्के. २०१२ साली लॉइश्ट यांनी ६५ प्रयोगांची बेरीज केली, तीतही वर्षभरातले हेच आकडे ६४ आणि २७ असे आले.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर सांगितले. आजकाल कोठेतरी काहीतरी वाचून ‘ही औषधे म्हणजे विष, फेकून द्या’ असे छातीठोकपणे सांगणारी मंडळी भेटतात. त्यांनी या ६६ आणि ६५ अभ्यासांमागची घरे डोळ्यांपुढे आणावीत. दुखणे उलटणे म्हणजे नुसती टक्केवारी नव्हे. नोकरी जाते, लग्न मोडते, मध्यरात्री रिक्षा शोधावी लागते, आणि काही वेळा माणूसच हातचा जातो.

पण इतिहासाच्या अभ्यासकाने उत्तराइतकाच प्रश्नही तपासावा लागतो. या बहुतेक प्रयोगांत विचारलेला प्रश्न ‘औषध चालू ठेवावे की बंद करावे?’ असा होता. बंद करणे म्हणजे बहुधा एका दिवसात, किंवा फार तर काही आठवड्यांत. दहा-दहा वर्षे एखाद्या द्रव्याची सवय झालेल्या मेंदूपासून ते एकाएकी हिरावून घेतले तर जे होते, ते मूळ दुखणे किती आणि हिरावून घेण्याचा धक्का किती, हे वेगळे कसे करावयाचे? एकाएकी औषध थांबल्यावर झोप उडते, घाम फुटतो, मळमळते, जीव अस्वस्थ होतो, हे १९६० च्या दशकातच नोंदले गेले होते. १९९७ साली व्हिगेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, झटक्याने बंद केल्यास दुखणे उलटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत दाटून येतो. सावकाश बंद केल्यास तो इतका नसतो. ३३ वर्षांच्या प्रयोगांनंतर वेगाचा प्रश्न अशा रीतीने ऐरणीवर आला. तो आधी का आला नाही? माझ्या मते, त्याचे कारण शास्त्रात कमी आणि व्यवहारात अधिक आहे. औषध सुरू करावयास कंपनी असते, माहितीपत्रक असते, मात्रेचा तक्ता असतो. ते उतरवण्याचा तक्ता छापून कोणाचा माल खपणार?

सावकाश म्हणजे किती सावकाश, हे कळण्यासाठी मेंदूत डोकावावे लागले. १९७५-७६ पर्यंत फिलिप सीमन आदींनी दाखवले होते की, ही औषधे डोपामिनच्या ग्राहींवर जाऊन बसतात. कुलपात दुसरी किल्ली घालून ठेवावी तशी. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये फार्डे यांनी जिवंत माणसाच्या मेंदूत किती ग्राही व्यापले गेले हे चित्रांकनाने मोजले. मग टोरोंटो येथे शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सात रोग्यांना दिवसाला केवळ २ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल देऊन मोजमाप केले, तेव्हा ५३ ते ७४ टक्के ग्राही व्यापलेले दिसले. २००० साली त्यांनी सांगितले की, ६५ टक्क्यांच्या पुढे गुण येण्याची शक्यता वाढते आणि ७८ टक्क्यांच्या पुढे ताठरपणा, कंप हे त्रास सुरू होतात. हासे यांचा पेन्सिलीचा उंबरठा यंत्राने पुन्हा सापडला, असे मला हे वाचताना वाटले.

यातून उतरण्याविषयी जी गोष्ट निघते ती अशी. दोन मिलिग्रॅमने निम्म्याहून अधिक जागा भरते, तर दहावरून पाचवर आल्याने फारसे काही रिकामे होत नाही. पण एकावरून शून्यावर आल्याने पुष्कळ रिकामे होते. आपल्या जुन्या वाड्यांतला एखादा जिना असा कल्पावा की, ज्याच्या वरच्या पायऱ्या दोन-दोन बोटे उंचीच्या आहेत आणि अगदी खालची पायरी पुरुषभर उंच. वरून उतरणारा पहिल्या दहा पायऱ्या आरामात येतो, त्याला वाटते जमले, आणि शेवटच्या पायरीवरून कोसळतो. पाहणारे म्हणतात, बघा, याला उतरणे मानवतच नाही! २०२१ मध्ये लंडनच्या मार्क होरोविट्झ, रॉबिन मरे, डेव्हिड टेलर आदींनी याच तर्कावर एक पद्धत सुचवली: दर तीन ते सहा महिन्यांनी, त्या वेळी चालू असलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा किंवा फार तर निम्मा कमी करावा; म्हणजे मात्रा जितकी लहान होत जाईल तितके पाऊलही लहान. हे काम महिन्यांचे नव्हे, वर्षांचे.

आता घरची गोष्ट. तिचा नायक याच शाळेचा माजी विद्यार्थी, माझा धाकटा भाऊ, समोर चौथ्या रांगेत बसला आहे. हे सारे मी त्याच्या संमतीने सांगत आहे. एवढेच नव्हे, व्याख्यानाचा कच्चा मजकूर त्याने वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केला आहे. १९७६ साली, विज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, त्याला आवाज ऐकू येऊ लागले. औषधाने ते आवाज मंदावले आणि तो घरी परतला; औषध नसते तर तो आज येथे नसता, असे तो स्वतःच म्हणतो. १९८९ मध्ये बोटांचा कंप असह्य होऊन त्याने सर्व गोळ्या एका दिवसात सोडल्या. दहाव्या आठवड्यात झोप गेली, बाराव्या आठवड्यात तो रुग्णालयात होता. त्यानंतर मात्रा पूर्वीपेक्षा वाढली आणि वाढलेलीच राहिली. ज्या बाह्यरुग्ण विभागात तो जाई, तेथल्या केसपेपरवर चोवीस वर्षे बहुतेक दर महिन्याला दोनच शब्द लिहिलेले आहेत : ‘रिपीट ऑल’. डॉक्टर वाईट नव्हते. रांग मोठी होती. पण त्या चोवीस वर्षांत त्याला कोणी एक कागद देऊन ‘जरा लिहून दाखवा’ असे म्हटले नाही. मी मात्र त्याची पोस्टकार्डे जपून ठेवली आहेत. १९७५ चे अक्षर वळणदार, टपोरे. १९९५ चे मुंगीच्या पायांसारखे, आणि उजवीकडे जाता जाता आणखी बारीक होणारे. हासे यांच्याविषयी पहिल्यांदा वाचले त्या दिवशी मी ती पोस्टकार्डे टेबलावर ओळीने मांडली होती.

२०१३ साली एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारले, ‘‘काका, तुम्हांला स्वतःला काय वाटतं?’’ तेव्हा तो दिवसाला १० मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल घेत होता. होरोविट्झ यांचा लेख निघायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. बाईंनी आपल्या सावधपणाने चालवले. साडेसात, मग पाच, मग चार, मग तीन. प्रत्येक पायरीवर सहा महिने किंवा अधिक. २०१८ मध्ये तीनवरून एकदम दीडवर आणले, कारण दुकानात मिळणारी लहान गोळी दीडची. सातव्या आठवड्यात शेजारच्या रेडिओतले निवेदक त्याच्याविषयी बोलू लागले. त्याने ते लपवले नाही. मला म्हणाला, ‘‘दादा, रेडिओ पुन्हा सुरू झालाय, बाईंना फोन कर.’’ मात्रा परत तीनवर गेली, रेडिओ पंधरवड्यात थांबला. नऊ महिने तेथेच थांबून तो सव्वादोनवर आला; म्हणजे दीड गोळी. २०२० पासून आजतागायत तो तेथेच आहे. शून्यावर जाण्याचा त्याचा विचार नाही. कंप गेला. ओठांची हालचाल राहिली आहे, ती जाणार नाही असे सांगितले आहे. वर्तमानपत्र तो पुन्हा संपादकीयासकट वाचतो आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मला फोनवर ऐकवतो.

एका घरची गोष्ट हा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. म्हणून अलीकडच्या मोठ्या अभ्यासांकडे पुन्हा वळतो. आणि तेथे चित्र स्वच्छ नाही. हॉलंडमध्ये वुन्डरिंक यांनी पहिल्याच आजारातून सावरलेल्यांच्या दोन गटांची तुलना केली: एकात डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा कमी करत शक्य तर बंद करावयाची, दुसऱ्यात चालू ठेवावयाची. आरंभी कमी करणाऱ्यांत ४३ टक्के, तर चालू ठेवणाऱ्यांत २१ टक्के जणांचे दुखणे उलटले. परंतु २०१३ मध्ये सात वर्षांनंतरचे निष्कर्ष आले तेव्हा हा फरक मावळला होता, आणि लक्षणांतून व व्यवहारातही सावरलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४०.४ टक्के, दुसऱ्यात १७.६ टक्के होते. फार गाजले हे आकडे. माणसे मात्र शंभराच्या थोडी वरच होती. उलट, हाँगकाँगमध्ये थोड्याच आठवड्यांत औषध काढून घेतलेल्या गटाचा दहा वर्षांनंतरचा हिशेब २०१८ मध्ये आला, तो प्रतिकूल : वाईट स्थितीत असलेले ३९ टक्के, औषध चालू ठेवलेल्या गटात २१ टक्के.

आणि २०२३ मध्ये इंग्लंडमधील ‘रडार’ हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रमुख जोआना मॉन्क्रिफ या औषधांच्या जुन्या टीकाकार. २५३ रोगी, दोन वर्षे, हळूहळू कमी करण्याची योजना. कमी करणाऱ्यांचे सामाजिक जीवन सुधारेल अशी अपेक्षा होती; दोन्ही गटांत त्याबाबत फरक दिसला नाही, आणि रुग्णालयात न्यावे लागेल इतके दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी करणाऱ्यांत २५ टक्के, इतरांत १३ टक्के निघाले. आपल्या अपेक्षेच्या विरुद्ध आलेले आकडे मॉन्क्रिफ यांनी जसेच्या तसे छापले, हे मला विशेष वाटते. या निष्कर्षाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. चारातल्या एकाला रुग्णालय पाहावे लागले, हे खरे. उरलेल्या तिघांना तशी पाळी आली नाही, हेही खरे. त्या तिघांत आपण असू की त्या एकात, हे आधी सांगणारी परीक्षा आज कोणापाशी नाही. ते रोग्याला, त्याच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना मिळून, डोळे उघडे ठेवून ठरवावे लागते.

आपल्या देशापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनोविकृती असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक उपचारांवाचून आढळले. ज्याला पहिली गोळीच मिळालेली नाही त्याच्यापुढे मात्रा उतरवण्याचे पुराण लावणे हास्यास्पद ठरेल. आणि ज्यांना मिळते त्यांच्यापैकी अनेक जण ती परस्पर सोडतात: पैसे संपले म्हणून, गोळी देणारी आई गेली म्हणून, लग्न ठरले आणि मुलीकडच्यांना कळू नये म्हणून, कोणा बाबाने अंगारा दिला म्हणून. क्लोझापीनसारखे औषध असे एकाएकी सोडणे तर शरीरालाही फार जड जाते. म्हणजे मात्रा कमी करण्याचे प्रयोग आपल्याकडे शेकडो घरांत चालूच आहेत, तेही सर्वांत धोक्याच्या पद्धतीने, कोणाला न सांगता. डॉक्टरांना ‘कमी करता येईल का?’ असे विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे आमच्या पिढीला वाटे; त्या संकोचापोटी माणसे विचारीत नाहीत आणि गोळ्या कुंडीत पुरतात. कुंडीत पुरलेल्या गोळ्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

धुळ्याहून कॅनडात जाऊन गणिताचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून शिकून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. त्यांच्याच प्रेरणेने ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. मराठी घरांत या आजाराचे नाव मोठ्याने उच्चारले जाऊ लागले त्यात या दोहोंचा वाटा मोठा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. आपल्यावर कोणते उपचार होत आहेत आणि त्यांचे दुष्परिणाम काय, हे जाणण्याचा हक्क तो रोग्याला देतो. पुढे आजार बळावल्यास आपल्याशी कसे वागावे आणि कसे वागू नये, हे शहाणपणाच्या दिवसांत आधीच लिहून ठेवण्याची सोयही त्यात आहे. मात्रा उतरवू पाहणाऱ्यासाठी ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण उतरताना पाय घसरला तर काय, हाच खरा प्रश्न असतो.

माझ्या भावाने असा लेख २०१९ साली लिहिला. मराठीत, शाईच्या पेनाने, दीड पान. पुन्हा रेडिओ ऐकू आल्यास मात्रा तीनवर न्यावी, त्याहून वर नेण्यापूर्वी मला विचारावे, असे त्यात आहे. मी ऐकण्याच्या स्थितीत नसेन तर दादाला विचारावे. रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास दिवसा न्यावे, शेजाऱ्यांना खरे कारण सांगावे, आणि माझा चष्मा बरोबर द्यावा. १९८९ मध्ये तो घरीच राहिला होता. अक्षर टपोरे आहे.